चौथीच्या वर्गातली सभा

या माहितीपटात आपल्याला एकही चेहरा दिसणार नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे सदस्यांच्या तोंडची 'ए.ए.', ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली संघटना. तिच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे गटांनी पाळायच्या तत्त्वांपैकी, अकरावी परंपरा सांगते की, वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि चित्रपट यांमधून सदस्याने स्वतःची ओळख उघड करू नये. त्यामुळे सभेआधीची खोली आणि सभेनंतरची खोली, एवढेच आमच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला आले आहे.

ही पुण्यातील एका शाळेच्या चौथीच्या वर्गाची खोली आहे. फळ्यावर दुपारचा भागाकार अर्धवट पुसलेला दिसतो. सर्वांत आधी आलेले गृहस्थ पिशवीतून गुंडाळलेले दोन फलक काढतात आणि भिंतीवरील नकाशाच्या खिळ्यांना टांगतात. एकावर दारूमुक्त राहण्यासाठी सदस्याने चढायच्या बारा पायऱ्या आहेत, दुसऱ्यावर बारा परंपरा. मग ते बाके मागे सारून खुर्च्या मांडतात आणि दाराजवळची एक खुर्ची मुद्दाम मोकळी ठेवतात, कारण पहिल्यांदा येणाऱ्याला वाटलेच तर गुपचूप निघून जाता येईल अशी जागा लागते.

असा माणूस या खोलीपर्यंत पोहोचतो तरी कसा? या चळवळीचा आरंभच मुळी अशा एका शोधातून झाला आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर व्यवसायातील बिल विल्सन अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी एका फसलेल्या व्यवहारानंतर हॉटेलात एकटा उरला होता. दारू सुटून काही महिनेच झाले होते आणि हॉटेलच्या बारमधील गलका त्याला ऐकू येत होता. त्याने बारकडे न वळता तेथे लावलेल्या चर्चच्या यादीवरून दूरध्वनी सुरू केले; त्याला उपदेशक नको होता, आपल्यासारखाच एखादा पिणारा हवा होता. त्या दूरध्वनींमधून त्याची गाठ शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बोलत बसले. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला, आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. भारतात हे काम १९५७ मध्ये दिल्ली आणि मुंबई येथे सुरू झाले.

आजचा शोध तुलनेने सोपा आहे, तरी तो रात्री अकरा वाजता, हात थरथरत असताना करायचा असतो, हे विसरून चालणार नाही. ए.ए.च्या मदतवाहिनीवर सहसा स्वतः दारू सोडलेला सदस्यच बोलतो आणि जवळची सभा, तिची वेळ व भाषा सांगतो. केंद्र सरकारची १४४४६ ही नशामुक्ती मदतवाहिनीही आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांतून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी ठिकठिकाणी पाठपुरावा सभा होतात. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने सभेच्या भरवशावर एकाएकी दारू बंद करू नये. फिट येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोका असतो, म्हणून आधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.

सभा दोन प्रकारच्या असतात. 'ओपन' सभेला पत्नी, भाऊ, विद्यार्थी असे कोणीही बसू शकते. 'क्लोज्ड' सभा केवळ दारू सोडण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी असते आणि सदस्यत्वाची अटही तेवढीच आहे. नावनोंदणी नाही, फी नाही. शेवटी फिरणाऱ्या पिशवीत सदस्य जमेल तेवढे पैसे टाकतात. बाहेरची देणगी घेतली जात नाही. नातेवाइकांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा होतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत पाऊल टाकणे एखाद्या स्त्रीला किती अवघड जात असेल, याचा विचार आपल्याकडे फार उशिरा झाला असे आम्हाला वाटते. ऑनलाइन सभांनी तिची, तशीच गावात सभा नसलेल्यांची आणि परदेशी एकट्या राहणाऱ्या मराठी माणसांची थोडी सोय झाली आहे.

सभेत एक जण बोलतो तेव्हा बाकीचे मधे बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत. 'शेअरिंग' म्हणतात ते हेच. सभेत होणाऱ्या प्रार्थनेमुळे काही जण बिचकतात. पायऱ्यांमध्ये मात्र 'आपल्याला उमजेल तसा' देव असे शब्द आहेत, आणि त्या आधारावर नास्तिकही येथे वर्षानुवर्षे बसतात. नव्या माणसाने बोललेच पाहिजे असा आग्रह नसतो. मी आज फक्त ऐकतो, एवढे म्हटले तरी पुरते. पहिली सभा रुचली नाही तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावे, असे जुने सदस्य आवर्जून सांगतात, कारण प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो.

वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. ए.ए.कडे नेणारे सुनियोजित उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

सभा संपली आहे. आम्हाला पुन्हा आत येण्याची परवानगी मिळाली, तेव्हा दाराजवळची खुर्ची थोडी तिरकी झाली होती आणि तिच्याखाली अर्धा चहा उरलेला कागदी कप होता. टेबलावरील वहीचा एक कोपरा फाडलेला दिसतो. दूरध्वनी क्रमांक लिहून देण्यासाठी ती वही ठेवलेली असते. गृहस्थ फलक गुंडाळून पिशवीत ठेवतात आणि बाके पुन्हा रांगेत लावतात. सकाळी साडेसातला चौथीचा वर्ग भरतो.