चुकारा कुणाला?

(आरमोरीच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आत येताना दारातच एक कास्तकार भेटले. धान देऊन दीड महिना झाला, चुकारा, म्हणजे धानाचे पैसे, अजून नाही म्हणाले. मी म्हटलं, तुमचा उशिरा का होईना, येईल तरी. आम्ही नियतकालिकांत संशोधनाचे लेख लिहितो, त्याला चुकारा नसतोच. त्यांना वाटलं, मास्तर गंमत करतात.

गंमत नाही. संशोधकाचा पगार बहुतेक सरकार देतं. लेख तपासणारे तज्ज्ञही फुकटच तपासतात. मग प्रकाशकाकडून कॉपीराइट हस्तांतराचा फॉर्म येतो. सही केली, की लेख त्याचा. पुढे आपलंच ग्रंथालय वर्गणी भरून तो परत घेतं.

या धंद्यातला पैसा फार लवकर ओळखला ब्रिटिश प्रकाशक रॉबर्ट मॅक्सवेलने. 1951 मध्ये त्याने एका प्रकाशनसंस्थेचा ताबा घेऊन तिला पर्गमॉन प्रेस नाव दिलं, विषयामागून विषयाची नियतकालिकं काढली आणि 1991 मध्ये ती एल्सविअर या बड्या प्रकाशकाला विकली. बाजारात एकाकडे ढेप महागली, तर आपण दुसऱ्याकडून घेतो. लेखाचं तसं नाही, हवा तो लेख एकाच दुकानात असतो. म्हणून तर एल्सविअरच्या धंद्यात अलीकडे शंभर रुपयांच्या विक्रीमागे 37-38 रुपये नफा राहतो.

अशी सही मीही केली आहे. लेख मामा तलावांवरचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवरचा होता. ज्या ढिवर मंडळींनी मला पाळ दाखवली, पाणी सोडायचा तुडूम दाखवला, त्यांच्या मच्छीमार संस्थेने पुढे तो लेख मागितला. आमच्या कॉलेजात ते नियतकालिक येत नव्हतं आणि संकेतस्थळावर माझ्याच लेखाची किंमत डॉलरमध्ये होती. मी त्यांना सांगितलं, 'कायद्याने देता येत नाही.'

ते माझं अज्ञान होतं. कॉपीराइट मांडणीला असतो, माहितीला नाही. आपल्या याच गडचिरोली जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन पाहिली, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि तो लेख 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 'लॅन्सेट' एल्सविअरचंच. पण बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसे मोजायचे, यावर कुणाची मालकी लागत नाही. 2011 पासून देशभरातल्या आशाताई तेच काम घरोघर करतात. शिकवण्याच्या बाबतीत आपला 1957 चा कायदा तर आणखी उदार आहे. अभ्यासाच्या पुस्तकांतली पानं विद्यार्थ्यांना काढून देणाऱ्या, दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठे परदेशी प्रकाशक कोर्टात गेले होते. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दुकानाच्या बाजूने दिला.

आता वारं फिरलंय. वाचकाने पैसे द्यायचे, ते आता लेखकाने द्यायचे. 2020 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने खुल्या, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या लेखासाठी 9,500 युरो दर जाहीर केला. आमच्याकडचा होतकरू मुलगा कुठून देणार? मग तो थोडक्या पैशात आठवड्याभरात छापणाऱ्या भुरट्यांच्या तावडीत सापडतो. बढतीसाठी लेख मोजायची पद्धत आपणच लावली, त्या पिकावरच ही कीड पोसली. सरकारने 2024 च्या नोव्हेंबरात 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही एकत्र वर्गणीची योजना मंजूर केली, तीन वर्षांना 6,000 कोटी. सरकारी संस्थांतल्या पोरांना हजारो नियतकालिकं उघडली, हे चांगलंच झालं. पण पैसा गेला त्याच दुकानांत, आणि मच्छीमार संस्था त्या यादीत नाही.

म्हणून फॉर्म वाचा. स्वीकारलेला मजकूर स्वतःजवळ ठेवायची, विद्यापीठाच्या भांडारात टाकायची मुभा बऱ्याच फॉर्ममध्ये बारीक अक्षरात असते. नसेल तर मागा. फार तर नाही म्हणतील.

मी उशिरा शहाणा झालो. सगळं मराठीत नव्याने चार पानांत लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि तलावावर नेल्या. पहिल्याच पानावर एका बाबांनी बोट ठेवलं. "सर, तुडूम उत्तरेले नाई, पूर्वेले आहे."

नियतकालिकाच्या दोन्ही परीक्षकांच्या नजरेतून ती चूक सुटली होती. छापील लेखात ती अजून तशीच आहे.