दारू उत्पादकांची संघटना कुणाच्या बाजूची?

मित्रहो, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याला स्कॉटलंडच्या व्हिस्की उत्पादकांनी मुंबई उच्च न्यायालयात खेचलं होतं. गोष्ट १९९० च्या दशकाच्या आरंभीची. कारखान्याची व्हिस्की 'ड्रम बीटर' या नावानं विकली जायची. लेबलवर किल्ट, म्हणजे स्कॉटिश घागरा, घातलेला ढोलवादक आणि 'ब्लेंडेड विथ स्कॉच' असे शब्द. न्यायालयानं मनाई हुकूम दिला.

खटला लढणारी संस्था होती एडिंबरोची स्कॉच व्हिस्की असोसिएशन. तिचं म्हणणं साधं होतं: जी व्हिस्की स्कॉटलंडमध्येच गाळली आणि तिथेच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरवली, तीच स्कॉच. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीत मळीपासूनचं मद्यार्क असतं. ते विकायला हरकत नाही, पण तसं लिहून विका. आपला सहकार मला प्रिय आहे, तरीही या खटल्यात मी परक्या संघटनेच्या बाजूचा आहे. बाटलीत काय आहे हे खरं सांगितलंच पाहिजे, एवढीच तिची मागणी होती. ग्राहक म्हणून आपली मागणीही तीच.

याच संघटनेचा दुसरा खटला बंगळुरूच्या खोडे कंपनीशी झाला. 'पीटर स्कॉट' ही व्हिस्की १९६८ पासून बाजारात होती. हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेल्याचं संघटनेला १९७४ मध्येच कळलं, पण नावातल्या 'स्कॉट'मुळे ही स्कॉच वाटते, म्हणून ते रद्द करा, असा अर्ज तिनं केला १९८६ मध्ये. खालच्या पायऱ्यांवर ती जिंकली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मात्र हरली. इतकी वर्षं गप्प बसलात, त्या काळात समोरच्यानं धंदा उभा केला, आता उठवता येणार नाही, असा निकालाचा एक मोठा आधार होता. दुसरा आधार असा की, अशी व्हिस्की घेणारा गिऱ्हाईक जाणता असतो, तो फसणार नाही. हा दुसरा मुद्दा मला पटत नाही. जाणत्या माणसालाही लेबल खरंच हवं.

इथपर्यंत संघटनेची बाजू घेतली. आता स्कॉटलंडमध्येच तिनं काय केलं ते पाहा. स्वस्त दारूनं माणसं मरतात म्हणून तिथल्या संसदेनं २०१२ मध्ये दारूला किमान किंमत ठरवणारा कायदा केला. दहा मिलीलिटर शुद्ध मद्यार्काला किमान ५० पेन्स. म्हणजे ४० टक्क्यांची ७०० मिलीलिटरची बाटली १४ पौंडांच्या खाली विकायची नाही. संघटना न्यायालयात गेली. युरोपातल्या मुक्त व्यापाराला यानं बाधा येते, करवाढीनं हेच साधेल, असा तिचा युक्तिवाद. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत जाऊन परत आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सातही न्यायाधीशांनी कायदा वैध ठरवला आणि मे २०१८ मध्ये तो लागू झाला. पुढे स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या पाहणीत, केवळ दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर जेवढे झाले असते त्यापेक्षा अंदाजे १३.४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. २०२४ मध्ये दर ६५ पेन्सवर नेला.

कायदा होऊन तो लागू व्हायला सहा वर्षं गेली. त्या वर्षांत जी माणसं गेली, त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. धंद्याच्या संघटनेला न्यायालयात जायचा हक्क आहे, हे मान्य. पण लेबलच्या खटल्यात तिचं आणि आपलं हित एक होतं, इथे ते उलट होतं. खप घटवण्याचा प्रश्न आला की तिची साक्ष आरोग्याच्या प्रश्नावरची साक्ष म्हणून घेऊ नये. सरकारनं समित्या नेमताना हे पाहायला हवं. आपल्याकडेही मद्यविक्रीचे नियम ठरताना हे पाहिलं पाहिजे.

भारतात येणाऱ्या स्कॉचवरच्या आयातशुल्काचं थोडक्यात सांगतो. ते दीडशे टक्के होतं. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. त्यात ते आधी ७५ वर आणि दहाव्या वर्षी ४० वर आणायचं ठरलं. त्यामागे या संघटनेचा अनेक वर्षांचा पाठपुरावा आहे.

मला जास्त काळजी आहे ती शेजारच्या गोव्याची. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव गोव्याच्याच फेणीचं अशी कायदेशीर नोंद, मिळालं, तेही गोव्यातल्या फेणी गाळणाऱ्यांच्या आणि बाटलीबंद करणाऱ्यांच्या संघटनेच्या प्रयत्नानं. काजूचे बोंडू झाडावरून आपसूक गळल्यावर गोळा करायचे, रस आंबवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, मग पुन्हा गाळून फेणी. एवढे कष्ट त्या नावात आहेत. पण आपल्या मानांकन कायद्याच्या २६ व्या कलमात एक अट आहे. मानांकनाला बाधक असा ट्रेडमार्क कुणी वापरतोय हे कळल्यापासून पाच वर्षांत कारवाई केली नाही, तर पुढे ती करता येत नाही. 'पीटर स्कॉट'च्या वेळी एडिंबरोच्या श्रीमंत संघटनेनं जवळजवळ बारा वर्षं घालवली. भट्टीवाल्यांच्या छोट्या संघटनेकडे देशभरची दुकानं आणि ट्रेडमार्कचे अर्ज चाळायला माणसं कुठून येणार? हे काम गोवा सरकारनं पगारी वकील नेमून करावं, आणि फेणीच्या नावावर भलतंच काही विकलं जाताना दिसलं तर आपण ग्राहकांनी त्या संघटनेला लेखी कळवावं.