नऊ वाजून नऊ मिनिटांनी

(दृश्य : अंधारलेली इमारत, गॅलऱ्यांमध्ये पणत्या)

५ एप्रिल २०२०. लॉकडाऊनमधला रविवार. पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊला आपण नऊ मिनिटांसाठी घरातले दिवे मालवले, पणती घेऊन गॅलरीत उभे राहिलो. त्याच वेळी देशभरातल्या भार प्रेषण केंद्रांमध्ये, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ राखणाऱ्या केंद्रांमध्ये, माणसं श्वास रोखून भिंतीवरचा एकच आकडा बघत होती. पन्नास.

वीज कणगीतल्या धान्यासारखी साठवून ठेवता येत नाही. आपण बटण दाबतो, त्याच क्षणी तेवढी वीज कुठेतरी तयार व्हावी लागते. मागणी वाढली की ग्रिडला, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडलेली सगळी जनित्रं किंचित मंदावतात, घटली की जोरात फिरू लागतात. हा वेग सांगते ती फ्रिक्वेन्सी, सेकंदाला ५० आवर्तनं. ती फार हलली की वीजनिर्मितीचे संच स्वतःला वाचवायला एकामागून एक बाहेर पडतात. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात बुडाला, तो दिवस या माणसांच्या लक्षात होताच.

(दृश्य : पोफळी, कोयना प्रकल्पाचं डोंगराच्या पोटातलं वीजगृह)

कोळशाच्या संचाला घाई सोसत नाही. बॉयलर थंड पडला तर पुन्हा तापायला तासन् तास जातात. पाण्याचं तसं नाही. इथे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीतून खाली झेपावतं. झडप उघडा, काही मिनिटांत संच भार उचलतो. मिटा, तितक्याच पटकन उतरतो. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की १,९६० मेगावॉटची कोयना हाताशी लागते ती यासाठीच.

त्या रात्रीची भिस्तही जलविद्युतवरच होती. संध्याकाळी पाणी राखून ठेवलं. नऊच्या तोंडावर औष्णिक संच खाली आणले आणि त्यांची जागा पाण्याने भरून काढली. अंदाज होता, मागणी बारा-तेरा हजार मेगावॉटनी घटेल.

घटली ३१ हजारांहून जास्त.

लोकांनी मनापासून दिवे घालवले होते. पंचवीस मिनिटांत जलविद्युत साडेपंचवीस हजारांवरून आठ हजारांवर आणली, तीही संच बंद न करता, नुसते फिरते ठेवून. कारण नऊ वाजून नऊ मिनिटांनी सगळे दिवे परत लागणार होते. केवढं धाडस आहे हे! फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ मध्येच राहिली.

आपण पणती उचलून आत आलो. तिकडे झडपा पुन्हा उघडत होत्या. ९ वाजून २७ मिनिटांनी जलविद्युत १९ हजारांवर पोहोचली.