सुया टोचून घ्यायच्या आधी

नमस्कार मंडळी. मी ॲक्युपंक्चर करते, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून दुखण्यावर उपचार. रेडिओवर एक पंचाईत आहे, मला तुम्हाला सुई दाखवता येत नाही. क्लिनिकमध्ये सोपं असतं, नवीन पेशंट आला की मी आधी सुईच त्याच्या तळहातावर ठेवते आणि चेहरा लगेच सैल पडतो, कारण घरून निघताना त्याच्या डोक्यात इंजेक्शनची सुई असते, नाहीतर पोती शिवायचा दाभण. ॲक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, कधी त्याहून बारीक, स्टीलची आणि भरीव, आत भोक नाही, कारण तिच्यातून औषध वगैरे काही सोडायचंच नसतं.

मागे लालबागच्या एक मावशी गुडघ्यासाठी आल्या होत्या, सुनेने जवळजवळ ओढूनच आणलेलं. पर्स पोटाशी घट्ट धरून पडल्या, डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, आणि माझ्या चार सुया लावून झाल्यावर म्हणतात, "अगं सुरू कर की आता, किती वेळ पडून राहू?" आता सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही हं, पायाच्या बोटांजवळ चांगलंच झोंबतं. सुई आत गेली की तिथे जड वाटतं, मुंग्या येतात, आतून ठणकल्यासारखं होतं, चिनी लोक त्याला द-छी म्हणतात, त्याला घाबरू नका. पण शॉक लागल्यासारखी कळ सरसरत गेली तर लगेच बोला, सहन करत पडून राहू नका. पंधरा-वीस मिनिटं सुया ठेवायच्या, कधी अर्धा तास, बरेच जण झोपतात, आमचे एक काका तर असे घोरतात की बाहेर बाकावर बसलेल्यांची भीती तिथेच पळते.

हे शास्त्र चीनचं, दोनेक हजार वर्षं जुनं. शरीरात छी नावाची ऊर्जा वाहिन्यांमधून फिरते आणि त्या वाहिन्यांवर ३६१ बिंदू आहेत, अशी ती मांडणी. या वाहिन्या शरीर कापून कोणाला दिसलेल्या नाहीत, हेही सांगून टाकते. आजचे संशोधक नसांची भाषा बोलतात, म्हणजे सुईमुळे नसा चेतवल्या जातात आणि शरीर स्वतःचीच वेदना कमी करणारी रसायनं सोडतं, एंडॉर्फिन वगैरे. आपल्याकडे ही विद्या आली त्या गोष्टीचा एक धागा परळमध्ये आहे बरं का. १९३८ साली चीनचं जपानशी युद्ध चालू असताना भारतातून पाच डॉक्टर चीनला मदतीला गेले, त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईत परळच्या जीएस मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले, ते १९४२ मध्ये तिकडेच वारले. पण त्याच पथकातले डॉ. बसू पुढे परत चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केलं.

आता जे सांगते त्यावर माझ्याच लाइनीतले काही लोक चिडतील. २००७ मध्ये जर्मनीत जुनाट कंबरदुखीवर मोठा अभ्यास छापून आला, ११६२ पेशंट, तीन गट. एका गटाला नीट ठरलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्या, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, गोळ्या, फिजिओ, व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात साधारण ४८ टक्के लोकांना फरक होता, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात २७. म्हणजे सुया घेणाऱ्यांना फायदा झाला हे खरं, पण सुई नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही हेही तितकंच खरं! तेव्हापासून मी बिंदूंच्या अचूकपणाचा तोरा मिरवणं सोडलं. अर्धा तास शांत पडून राहणं, कोणीतरी नीट विचारपूस करणं, बरं वाटेल ही आशा, याचाही त्यात वाटा असणारच, विरार लोकलमधून चेंगरून आलेल्या माणसाला तो अर्धा तास काय असतो ते मी रोज बघते. ब्रिटनच्या नाइस नावाच्या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला ॲक्युपंक्चर नको म्हटलं आणि २०२१ मध्ये काही जुनाट दुखण्यांना चालेल म्हटलं, असं आहे सगळं.

मग यायचं कोणी? जुनी मान, कंबर, गुडघा, वारंवार उठणारी डोकेदुखी, मायग्रेन, यांनी करून बघायला हरकत नाही. मळमळीचा एक बिंदू तर घरीच दाबता येतो, मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीपासून तीन बोटं कोपराकडे, मधल्या दोन टणक, दोऱ्यांसारख्या शिरांच्या मध्ये, ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी यावर बरंच संशोधन झालंय. गणपतीला गावी जाताना घाटात लिंबू हुंगता ना, तेव्हा दाबून बघा, नुकसान काही नाही. पण शुगर, थायरॉइड, कॅन्सर सुयांनी बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा, आणि चालू असलेली गोळी माझ्यासारखीच्या सांगण्यावरून बंद करू नका, ते तुमच्या डॉक्टरला विचारून. छातीत दुखून हात भरून येत असेल, किंवा कंबरदुखीबरोबर पाय बधिर होऊन लघवीवरचा ताबा जात असेल, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पेसमेकर असेल, दिवस राहिले असतील तर आधी सांगा. कधी कधी सुयांना विजेचा हलका करंट लावतात, पेसमेकर असेल तर तो लावत नाही आणि गरोदरपणात हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधला बिंदू आम्ही टाळतो. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, एकदा वापरलेली सुई परत नाही, यात लाजायचं कसलं? महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा कायदा आहे, काउन्सिल आहे, तेव्हा रजिस्ट्रेशन नंबर बिनधास्त विचारा. आणि वीस सिटिंगचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका, पाच-सहा वेळा येऊन काहीच फरक नसेल तर मीच म्हणते की आता पुरे.

उपाशी पोटी मात्र येऊ नका. सुरुवातीच्या काळात एक मुलगा सकाळपासून काही न खाता ऑफिसातून थेट आला, मी विचारलंही नाही, चूक माझीच, खुर्चीत बसवूनच मानेला सुया लावल्या, दोन मिनिटांत पांढराफटक, घामाने डबडबला. पटकन सुया काढल्या, आडवा केला, पाय वर, थोड्या वेळाने साखरपाणी, दहा मिनिटांनी उठून तोच मला सॉरी म्हणतो. तेव्हापासून पहिल्या वेळी मी सगळ्यांना झोपवूनच सुया लावते आणि दारातच विचारते, काय खाल्लं? जीन्सही घट्ट नको बरं का, गुडघ्याच्या वर सरकत नाही मग पंधरा मिनिटं त्यातच जातात.