त्या दिवशी मी शाळेत नव्हतो

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: 'राष्ट्रीय शोक आणि सामूहिक स्मृती'. तो माझा नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की 'इंदिराबाई गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होता?' या प्रश्नावर बोलीन. कार्यवाह म्हणाले, सर, फलकावर प्रश्नचिन्ह बरं दिसत नाही. असो. फलकाचं देणं शेवटी फेडतो. वेळ उरला तर.

आधी हात वर करा. ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो हे ज्यांना लख्ख आठवतं ते. बघा, पन्नाशीच्या पुढचे झाडून सगळे. आता यातले शाळेत कोण कोण होते? पंधरा-वीस तरी आहेत. हात खाली घेऊ नका, तुमच्याशीच काम आहे.

मीही शाळेतच होतो. आठवीत. चौथा तास, भूगोल. आमच्या शाळेची घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा. तो अवेळी वाजला. शिपाईमामा वर्गाच्या दारात आले, सरांच्या कानाला लागले. सर फळ्याकडे वळले आणि बराच वेळ वळलेच नाहीत. वळले तेव्हा त्यांच्या एका भुवईवर खडूची पूड होती. हातात डस्टर होतं, त्याच हातानं डोळे पुसले होते. मग आम्ही मैदानावर रांगेत उभे, दोन मिनिटं शांत, आणि घरी. रस्त्यातली दुकानं पटापट बंद होत होती.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल? लग्नात सांगितली, एस.टी.त सांगितली, स्टाफरूममध्ये तर दर ऑक्टोबरला. भुवईपाशी आलो की ऐकणारा हमखास गप्प होतो, हे मला पाठ झालं होतं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघाली तेव्हा दोन पानी लेखच दिला. छापून आला, सोबत चिंचेच्या झाडाचं रेखाचित्र. आठवड्याने भूगोलाच्या सरांचा फोन. आवाज कापरा झालेला. म्हणाले, "अरे, अगदी असंच झालं रे. घंटा वाजवायला मीच सांगितलं होतं." आता यापुढे आणखी पुरावा काय हवा?

मी तो अंक घेऊन ताईकडे गेलो. ताई मेथी निवडत बसलेली. चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, अंक बाजूला ठेवला, पुन्हा जुडी हातात घेतली आणि वर न बघता म्हणाली, "कुठली शाळा रे? दिवाळीची सुट्टी होती."

(हशा)

हसा, हसा. ज्यांचे हात अजून वर आहेत त्यांनीही हसा. भाऊबीज होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता त्या दिवशी. महाराष्ट्रातली कुठली मराठी शाळा तेव्हा भरते? असेल एखादी, मी नाही म्हणत नाही. आमची नव्हती.

अर्थात मी ऐकलं नाही. ताईला लहानपणापासून माझी चूक काढायची हौस. पण आमच्या वडिलांना भिंतीवरची कॅलेंडरं जपायची खोड होती, माळ्यावर गठ्ठेच्या गठ्ठे. ८४चं काढलं. ऑक्टोबरच्या चौकटींत वडिलांच्या बारीक अक्षरात दुधाचा हिशोब. रोज दोन लिटर, दोन लिटर, आणि २८ तारखेपासून एक. महिना संपेपर्यंत एकच. नोव्हेंबरचं पान उलटलं, तिथेही पहिला आठवडा एक. मंडळी, आम्ही तिघं भावंडं घरात नव्हतो. मामाकडे गेलो होतो. अर्धं दूध आमचं असायचं.

मग ती घंटा? सर? ती भुवई? ते सगळं काय मी हवेतून काढलं? नाही. बरेच दिवस डोकं खाजवल्यावर माझ्या लक्षात आलं ते असं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, रविवारी, दिल्लीत यशवंतराव चव्हाण गेले. आमचा सातारा जिल्हा. सोमवारी शाळा भरली होती. शोकसभा झाली, शाळा सुटली. सर कराडकडचे, त्यांच्या घरात यशवंतरावांचा फोटो. रडले असणार ते यशवंतरावांसाठी. पुढे केव्हातरी माझ्या डोक्यात दोन मरणांचं एकच मरण झालं, आणि त्यातलं मोठं होतं त्याचं नाव त्याला लागलं. आणि सरांचं? सरांनी माझा लेख वाचला. बस्स. त्यांची आठवण मी त्यांना छापून दिली.

माझ्या मते हे एकट्या माझ्या डोक्याचं दुखणं नाही. पुण्याचं कुणी बसलंय का इथे? पानशेत विचारा. १२ जुलै १९६१ला पाणी लकडी पुलावरून गेलं हे खरं. पण ज्याला विचाराल त्याच्या घरात पाणी माळ्यापर्यंत, आणि दर वर्षी एकेक पायरी वर. सगळ्यांच्या आठवणींची बेरीज केली तर त्या दिवशी पर्वतीवरच्या देवानं खाली उतरायला होडी मागवली असती.

शास्त्रातही याला जागा आहे. हार्वर्डच्या ब्राऊन आणि कुलिक या दोघांनी १९७७मध्ये अशा आठवणीला 'फ्लॅशबल्ब' नाव दिलं. केनेडींच्या खुनाची बातमी कुठे ऐकली हे अमेरिकन माणूस फोटोत बघून सांगावं तसं सांगतो म्हणून. पुढे उल्रिक नायसर नावाचे मानसशास्त्रज्ञ निघाले. त्यांना स्वतःला पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची बातमी पक्की आठवत होती: रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होतो, मॅच मध्येच थांबवून सांगितलं. कित्येक वर्षांनी गृहस्थांच्या डोक्यात प्रकाश पडला, की तो ७ डिसेंबर होता आणि डिसेंबरात बेसबॉल नसतो! यावर इतरांनी पुन्हा शोध लावला की त्या दिवशी फुटबॉलची मॅच होती म्हणून. म्हणजे मॅच खरी, खेळ खोटा. माझं उलट. शाळा खरी, मयत दुसरं.

(अध्यक्षांची चिठ्ठी. "दहा मिनिटे.") दहा? मला वाटलं मी आत्ताच उभा राहिलो. बरं.

तर हेच नायसर. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी वर्गातल्या शंभरावर मुलांकडून लिहून घेतलं: कुठे होतात, कुणी सांगितलं, काय करत होतात. पावणेतीन वर्षांनी त्यातली ४४ मुलं गाठली आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं एकही उत्तर जुळलं नाही. पूर्ण जुळलेले तिघंच. आणि खात्री मात्र भरपूर! त्यांच्याच अक्षरातले जुने कागद पुढे ठेवले, तरी मूळ आठवण काही परत आली नाही. मला त्या मुलांचं वाईट वाटतं. माझ्यापुढे निदान माझं अक्षर नव्हतं, वडिलांचं होतं.

आता फलकाचं देणं. भराभर सांगतो, नोंदी घेणाऱ्यांनी माफ करावं.

आपली आठवण बहुतेक वेळा घटनेची नसतेच, बातमीची असते. इंदिराबाईंवर गोळ्या झाडल्या सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास, सफदरजंग रोडवरच्या घराच्या आवारात. तिथे आपण कुणीच नव्हतो. आपण होतो रेडिओपाशी, किंवा रेडिओ ऐकून आलेल्या माणसापाशी. म्हणून 'तेव्हा कुठे होता?' हा लांब असलेल्यांनी लांब असलेल्यांना विचारायचा प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तुम्ही कुठे होता असं किल्लारीच्या माणसाला विचारून बघा. आदल्या दिवशी गणपती बोळवून झोपला होता आणि चारच्या आत माळवद अंगावर आलं. तो तुम्हाला भुवईवरचा खडू सांगत बसणार नाही. आणि ८४च्याच दिल्लीत? त्रिलोकपुरीतल्या शीख बाईला ३१ तारखेला बातमी कुणी सांगितली हे कदाचित आठवणारही नाही. तिचं आठवणं १ नोव्हेंबरपासून सुरू होतं. सरकारी आकडाच एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मारल्याचा आहे. माझ्या चाळीस वर्षांच्या गोष्टीत त्यातलं एकही माणूस नाही. रस्त्यातली दुकानं पटापट बंद होत होती, हे वाक्य मी चवीनं सांगत होतो. ती का बंद होत असतात, इकडे माझं लक्ष कधी गेलं नाही.

दुसरं. मी स्वतःला शाळेतच का नेऊन ठेवलं? कारण ताईनं मेथी निवडता निवडता पुढचंही सांगितलं. बातमी आली तेव्हा मी मामाच्या अंगणात किल्ल्यावरचे मातीचे मावळे गोळा करत होतो. एक सापडेना, म्हणून भोकाड पसरून रडत होतो. देशाचा पंतप्रधान गेलाय आणि हा मावळ्यासाठी रडतोय, म्हणून मामीनं पाठीत धपाटा घातला. आता हे स्मरणिकेत कोण देणार? शोकाच्या दिवशी आपण शोकातच होतो असं माणसाला वाटावं लागतं.

तिसरा मुद्दा होता २६ नोव्हेंबर २००८चा आणि मोबाइलचा. तो सोडतो. घंटा वाजली. तुमची घंटा बरी आहे, वेळेवर वाजते.

एकच राहिलं. ताईची आठवण अशी, की दुपारची पानं वाढली होती, मामानं ट्रान्झिस्टर लावला आणि आकाशवाणीनं 'निधन' म्हणून सांगितलं. मामाच्या हातातला घास ताटात पडला. पण आकाशवाणीनं निधन जाहीर केलं संध्याकाळी सहाच्या सुमाराला. दुपारपर्यंत नुसत्या हल्ल्याच्या बातम्या होत्या. पुढचं आधी सांगितलं ते बीबीसीनं, आणि मामाला इंग्रजी येत नव्हतं.

हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही. ती पहिल्या रांगेत बसली आहे.