शिडी उचलण्याआधी

नागपूरचं बेसा, मनीषनगर. कालपरवापर्यंतची शेतं, आता उंच इमारती. खाली मात्र तीच काळी माती, पावसात पाय रुतवणारी.

आग लागते, बंब येतो. वर खिडकीत माणसं हात हलवतात. खाली गर्दी ओरडते, "अरे, शिडी लावा ना भाऊ लवकर!" शिडी जागची हलत नाही. जवान आधी जॅक, म्हणजे गाडीला आधार देणारे लोखंडी पाय, जमिनीवर टेकवत असतात. वरच्या माणसाच्या जिवाचा विचार त्यातच आहे.

हँडब्रेक लागतो, गिअर न्यूट्रलमध्ये येतो, मग चारही जॅक बाहेर. प्रत्येकापाशी काडेपेटीएवढा एक स्विच, टोकाला लहानसं चाक. जॅक जमिनीवर घट्ट टेकला की चाक दाबलं जातं आणि पॅनेलवरचा दिवा हिरवा होतो. चारही स्विच एका ओळीत जोडलेले. एक जरी उघडा राहिला, तर शिडी हलवणाऱ्या तेलाची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हला वीज मिळत नाही.

वायर तुटली तर? तरीही व्हॉल्व्हपर्यंत वीज पोहोचत नाही आणि शिडी थांबते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वायरीचं आवरण तडकणाऱ्या या शहरात हे फार मोलाचं. ऑपरेटरचा पाय पेडलवरून सुटला, तरी हालचाल बंद. शिडी आडवी झुकून फार लांब गेली, तर सेन्सर पुढे जाऊ देत नाही. मागे घेता येते.

उतरवताना क्रम उलटा. शिडी आधी आखडायची, टपावरच्या खाचेत नीट बसवायची. तिथला स्विच दाबला गेल्याशिवाय जॅक उचलले जात नाहीत. नाहीतर उंचावलेल्या शिडीसकट गाडीच कलंडेल.

पण मातीचं काय? जॅक टेकला एवढंच स्विचला कळतं. गट्टूंच्या, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, खालचं पोकळ चेंबर त्याला दिसत नाही. म्हणून जॅकखाली रुंद फळ्या हव्यातच. वरची अकरा हजार व्होल्टची तारही बहुतेक गाड्यांवरच्या सेन्सरना ओळखता येत नाही. तिथे माणसाचे डोळेच लागतात, आणि लाइन बंद झाल्याची महावितरणकडून खात्री.

घाईत कुणी स्विच तारेने बांधून ठेवला, तर दिवा हिरवाच दिसतो. खाली जॅक मात्र अधांतरी असतो. हे कुणीही, कधीही करू नये.

सकाळची तपासणी. जवान फडक्याने चाकावरची धूळ पुसतो, अंगठ्याने ते दाबतो. दिवा लागतो. अंगठा काढतो. दिवा विझतो. मग तो पुढच्या जॅकपाशी जातो.