तांबी नेमकं काय करते

ही पाहा तांबी, दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवायचं इंग्रजी टी अक्षरासारखं साधन. रुंदी 32 मिलिमीटर, उंची 36. उभ्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, दोन्ही हातांवर तांब्याच्या नळ्या. तांब्याचा पृष्ठभाग 380 चौरस मिलिमीटर, म्हणून नाव कॉपर टी 380 ए. सरकारी रुग्णालयात ती मोफत बसवतात; 10 वर्षं चालते.

तांब्याचे सूक्ष्म अंश गर्भपिशवीतल्या स्रावात मिसळत राहतात. त्यामुळे शुक्रजंतूंची हालचाल मंदावते, बहुतेक बीजापर्यंत पोहोचतच नाहीत. तांबी गर्भ पाडते हा समज चुकीचा आहे. तिच्यात हार्मोन नाहीत, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईचं दूध घटत नाही.

खरं कसब बसवण्यात आहे. आधी आतून तपासून पिशवी पुढे झुकली आहे की मागे, हे पाहतात. मग बारीक सळईने तिची खोली मोजतात आणि तांबी आत नेणाऱ्या नळीवरची निळी खूण तेवढ्या मापावर आणतात. तांबीचे हात नळीत दुमडायचे ते अगदी शेवटी. 5 मिनिटांपेक्षा जास्त दुमडलेले राहिले, तर आत गेल्यावर नीट उघडत नाहीत. नळी पिशवीच्या माथ्याला टेकली की आतली दांडी स्थिर धरून नळी मागे घ्यायची. दांडी पुढे रेटली तर पिशवीला भोक पडू शकतं. असं क्वचितच होतं, पण होतं ते बहुधा बसवतानाच. तांबी खाली राहिली तर निसटते. शेवटी तांबीच्या टोकाचे धागे साधारण 3 सेंटीमीटर ठेवून कापतात.

बाळंतपणानंतर वार पडल्यावर 10 मिनिटांत किंवा 48 तासांच्या आत तांबी बसवता येते. ती वेळ टळली तर 6 आठवडे थांबावं लागतं. बाळंतपणात बसवलेली तांबी निसटण्याची शक्यता जास्त, म्हणून 6 आठवड्यांनी तपासणी चुकवू नका.

पहिले 3 ते 6 महिने पाळीत अंगावरून जास्त जातं, ओटीपोटात कळा येतात. याच काळात बायका तांबी काढून घेतात, कारण हे होणार असं त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं. वेदनाशामक गोळ्यांनी बहुतेकींना आराम पडतो; रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्याही लागतात. गुप्तरोगांपासून मात्र तांबी वाचवत नाही, त्यासाठी निरोधच हवा.

पाळीनंतर बोटाने धागा चाचपून पाहा. धागा लागला नाही, लांब वाटला किंवा कडक टोक लागलं, तर तपासून घ्या. तोवर निरोध वापरा. पाळी चुकली तर लगेच दवाखाना गाठा. तांबी असताना दिवस राहिले, तर गर्भ पिशवीबाहेर गर्भनलिकेत नाही ना, हे आधी पाहावं लागतं.